औषधाचे दुकान आणि पहिले शील



मागच्या पौर्णिमेला वंदना आटोपल्यावर एका तरुण उपासकाने प्रश्न विचारला. त्याच्या कुटुंबाने अलीकडेच धम्मदीक्षा घेतली आहे. औषधशास्त्राची पदविका घेऊन तो चाकणच्या बाजूला एका मेडिकलमध्ये काउंटरवर उभा राहतो. तो म्हणाला, "मी पहिले शील घेतले आहे. प्राणिहिंसा करणार नाही असे म्हटले आहे. मग मूल राहू नये म्हणून बायका ज्या गोळ्या मागतात, त्या मी कशा द्याव्यात? परवा एका बाईला मी नाही म्हणून सांगितले. उगाच आपल्या हातून पाप नको." ती बाई मग कोठे गेली, असे विचारल्यावर तो म्हणाला, "ते काही माहीत नाही."

प्रश्न प्रामाणिक होता. विहारातील दोन-चार वडीलधाऱ्यांनी मान डोलावली, तेव्हा प्रश्न त्या एकट्याचा नाही हेही कळले. म्हणून त्याचे उत्तर सर्वांसाठी लिहीत आहे.

आधी त्या बाईचा विचार करू, कारण शीलाची चर्चा करताना आपण तिलाच विसरलो होतो. खराबवाडी, नाणेकरवाडी, महाळुंगे येथील भाड्याच्या खोल्या आपण पाहिल्या आहेत. बीड, लातूर, नांदेडकडून आलेली जोडपी दहा बाय दहाच्या खोलीत राहतात. नवरा एका पाळीत, बायको दुसऱ्या पाळीत. तिचे काम कंत्राटी. पोट दिसू लागले की पुढच्या कंत्राटात नाव राहील याची हमी कोण देतो? पदरी एक मूल आहे, दुसरे आत्ताच नको, एवढे त्या दोघांनी ठरविले आहे. कंपनीची बस सुटायच्या आधी दहा मिनिटे काढून ती दुकानात येते, चार गिऱ्हाइके पांगण्याची वाट पाहते आणि हळू आवाजात गोळी मागते. संबंधानंतर घ्यायची लेव्होनॉर्जेस्ट्रेलची गोळी ७२ तासांच्या आत घ्यावयाची असते, आणि जितका उशीर तितका तिचा उपयोग कमी. २००५ सालापासून ही गोळी आपल्या देशात डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून मिळते, ती तास वाया जाऊ नयेत म्हणूनच. अशा वेळी काउंटरवरचा माणूस "नाही" म्हणतो तेव्हा तो तिचे तास काढून घेत असतो. रात्री दुसरी पाळी सुटल्यावर त्या वस्तीत दुसरे दुकान उघडे असतेच असे नाही.

आता शीलाकडे वळू. प्राण कोणाचा जातो, हे आधी पाहावे लागेल. रोज घ्यावयाच्या गोळ्यांनी स्त्रीबीज सुटणे थांबते; बीजच सुटले नाही तर गर्भ राहत नाही. ७२ तासांच्या गोळीचेही काम बीज सुटणे लांबविण्याचे आहे. गर्भ राहिलेलाच असेल तर ती गोळी त्याला काही करीत नाही. औषधशास्त्र शिकलेल्या आपल्या उपासकाला हे परीक्षेपुरते ठाऊक होते, पण काउंटरवर उभा राहताच पुस्तक मिटले आणि आजीचा शब्द आठवला, "मुले ही देवाची देणगी." बावीस प्रतिज्ञा घेऊन आपण देव सोडले. देव गेला, त्याची देणगी मात्र घरातच राहिली! 'पाप' हा शब्दही तसाच. घर बदलताना माळ्यावरची अडगळ कोणी तरी टेम्पोत टाकतोच.

कोणी म्हणेल, बुद्धवचनात याचा निर्णय आहे काय? विनयपिटकात तिसऱ्या पाराजिकाच्या विवेचनात काही प्रसंग दिले आहेत. मूल न होणारी एक स्त्री ओळखीच्या भिक्खूकडे मूल व्हावे म्हणून औषध मागते. दुसरीला मुले होत असतात. ती होऊ नयेत म्हणून औषध मागते. दोघींचाही त्या औषधाने अंत होतो. दोन्ही भिक्खूंना एकच दोष सांगितला आहे, दुक्कट, म्हणजे किरकोळ दोष. मूल देणाऱ्यालाही तोच आणि मूल टाळणाऱ्यालाही तोच. यावरून काय दिसते? भिक्खूने गृहस्थांच्या घरी वैद्यकी करीत फिरू नये, हा तेथील मुद्दा आहे. संततिनियमन म्हणजे हत्या, असे तेथे म्हटलेले नाही. गर्भ पाडण्याचे औषध देणाऱ्या भिक्खूला मात्र तेथे सर्वांत मोठा दोष, पाराजिक, सांगितला आहे. तेही लपविण्याचे कारण नाही. म्हणजे गर्भ राहू न देणे आणि राहिलेला गर्भ पाडणे, यांतला भेद अडीच हजार वर्षांच्या परंपरेला कळत होता. आज दुकानात उभ्या असलेल्याला तो कळू नये?

परमपूज्य बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचा उलगडा करताना तत्त्व आणि नियम असा भेद केला आहे. तथागतांनी अहिंसा हा नियम केला नाही, ते तत्त्व म्हणून सांगितले. नियम माणसाला बांधतो; तत्त्व त्याला विचार करावयास लावते. "शीलात बसत नाही" असे म्हणून गोळ्यांचे पाकीट मागे सारणाऱ्याने तत्त्वाचा नियम केला, आणि तो नियमही दुसऱ्याला लावला.

यातले शेवटचे मला सर्वांत गंभीर वाटते. पंचशील म्हणताना आपण प्रत्येक वेळी 'समादियामि' म्हणतो. पाली शिकलेल्या मुलाला विचारा, हे क्रियापद प्रथमपुरुषी एकवचनी आहे. मी ग्रहण करतो. 'मी शेजारणीला ग्रहण करावयास लावतो' असा त्याचा अर्थ कोणत्याही व्याकरणात निघणार नाही. ज्याला गोळ्या नकोत त्याने आपल्या घरात आणू नयेत, त्याला कोणी अडविले नाही. पण गल्ल्यामागे बसून दुसरीचे शील आपण पाळू लागलो की आपण उपासक राहत नाही, भटजी होतो.

ही भाषा कडक वाटेल. पण बंधूंनो, काउंटरवरून नाही म्हणणे काय असते हे आपल्याला कोणी शिकवावे? आपल्या आजोबांना दुकानाच्या पायरीखाली उभे राहावे लागे, पैसे खाली ठेवावे लागत, माल वरून टाकला जाई. तो दुकानदारही म्हणत असे, "माझा धर्म आड येतो, त्याला मी काय करू?" महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी पाणी प्याले ते या 'माझा धर्म आड येतो'च्या विरुद्ध. सार्वजनिक पाणवठा एकाच्या सोवळ्यावर चालू शकत नाही. औषधाचे दुकान परवान्यावर चालते, आणि आजारी, गरजू माणसाला ते पाणवठ्यासारखेच आहे. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात ज्या ठिकाणी धर्म, जात, लिंग यांवरून कोणाला मज्जाव करता येत नाही ती ठिकाणे मोजली आहेत. त्यांत पहिला शब्द 'दुकाने' हा आहे. आणि पंचविसाव्या अनुच्छेदाने सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले तेही सार्वजनिक सुव्यवस्था, नीती आणि आरोग्य यांच्या अधीन राहून. आरोग्य हा शब्द तेथे आहे, तो वाचून पाहा.

हा वाद आपल्याकडेच आहे असेही नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील मेनॉमनी या गावी २००२ साली एका औषधविक्रेत्याने धर्माचे कारण सांगून एका विद्यार्थिनीला डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या नाकारल्या. एवढेच नव्हे, तिची चिठ्ठी दुसऱ्या दुकानाकडे वर्ग करण्यासही तो तयार झाला नाही. २००५ साली तेथील औषधनिर्माण मंडळाने त्याला ठपका दिला. आपल्या देशात डॉक्टरांसाठी भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे आचारनियम आहेत. वैद्यकीय कारण असताना केवळ धार्मिक कारणावरून संततिनियमनाचे साहाय्य नाकारता येणार नाही, असे त्यांत लिहिले आहे. नियम डॉक्टरांचा असला तरी त्यातला न्याय दवाखान्यातून उतरून खालच्या मेडिकलपर्यंत यायला काय हरकत आहे?

नव्याने धम्मात आलेल्यांना आणखी एक सांगितले पाहिजे. संततिनियमन हा विषय आपल्या चळवळीला परका नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्यापायी त्यांना मिशनच्या विल्सन कॉलेजातील प्राध्यापकी सोडावी लागली. त्यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा, १९३४ साली, त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले ते आपले बाबासाहेब. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण बाबासाहेब कोणाच्या बाजूला उभे होते ते पाहा. पुढे १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईच्या विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षातर्फे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला. भाषण बाबासाहेबांनी तयार केलेले होते. बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून अधिक मुलाला कोणी कबूल झाला नसता, असा त्यातला आशय आहे. ठराव फेटाळला गेला. बाबासाहेबांनी ज्यासाठी सभागृहात पराभव पत्करला, तीच वस्तू त्यांच्याच नावाने जय भीम म्हणणारा तरुण कपाटातून काढून द्यायला कचरतो, याला काय म्हणावे?

"आपली संख्या वाढली पाहिजे," असे म्हणणारेही आपल्यात आहेत. संख्या धम्माच्या प्रचाराने वाढवा. बाईच्या हाडांवर ती वाढवू नका. आणि उलट बाजूचा जुलूमही आपण विसरलेलो नाही. १९७६ साली आणीबाणीत गोरगरिबांना धरून नसबंदी झाली. सक्तीच्या नसबंदीचे विधेयक महाराष्ट्राच्या विधिमंडळाने मंजूरही केले होते, ते अमलात आले नाही एवढेच. सक्ती नको आणि मज्जावही नको. मूल हवे की नको हे तिने ठरवावे, जोडीदाराबरोबर ठरवावे.

गर्भपाताच्या गोळ्यांचा प्रश्न वेगळा ठेवला पाहिजे. त्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत आणि देऊही नयेत. पण चिठ्ठी असूनही बाई परत जाते, असे आपल्या राज्यात घडत आले आहे. २०१२ साली बीड जिल्ह्यातील स्त्रीभ्रूणहत्येची प्रकरणे उघडकीस आली, त्यानंतर औषध प्रशासनाच्या तपासण्या कडक झाल्या आणि पुष्कळ दुकानदारांनी कटकट नको म्हणून या गोळ्या ठेवणेच बंद केले. वास्तविक या गोळ्या पहिल्या नऊ आठवड्यांतल्या. एवढ्या लवकर सोनोग्राफीवर मुलगा की मुलगी कळत नाही. मुलींची हत्या करणारा गुन्हेगार सोनोग्राफीच्या यंत्रापाशी होता, आणि दार बंद झाले ते गरीब बाईच्या तोंडावर. गर्भपाताबद्दल बौद्धांमध्ये मतभेद आहेत, ते राहतील. पण १९७१ च्या कायद्याने तो निर्णय स्त्री आणि डॉक्टर यांच्याकडे दिला आहे; काउंटरवरच्या माणसाने तिसरा न्यायाधीश होऊ नये.

मग आमच्या तरुण उपासकाने काय करावे? प्रश्न जरूर विचारावेत. रक्तदाब आहे का, अंगावर पिणारे बाळ किती महिन्यांचे आहे, पायात कधी रक्ताची गुठळी झाली होती का, क्षयाचे औषध चालू आहे का. कारण क्षयाच्या रिफॅम्पिसिनने गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. हे प्रश्न औषधाचे आहेत. "लग्न झाले आहे का?" हा प्रश्न औषधाचा नाही. आपल्या कित्येक भगिनींनी कुंकू सोडले आहे, काहींनी मंगळसूत्रही सोडले आहे; कपाळ आणि गळा पाहून गोळी द्यावयाची तर आधी आपल्याच घरच्या बायका रिकाम्या हाताने परततील. १९७१ च्या त्या कायद्यातसुद्धा २०२१ च्या दुरुस्तीने 'विवाहित स्त्री व तिचा पती' या शब्दांच्या जागी 'स्त्री व तिचा जोडीदार' असे शब्द आले आहेत.

रुग्णाची शुश्रूषा करण्यास योग्य कोण, याची पाच लक्षणे भगवंतांनी सांगितली आहेत. औषध तयार करता येणे, पथ्य-अपथ्य कळणे, लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करणे, मलमूत्राची किळस न येणे, आणि वेळ पाहून धम्माचे दोन शब्द बोलता येणे. मूल नको असणारी बाई रुग्ण नव्हे. पण ती औषध मागायला येते, आणि समोरच्याला या पाचांतले मैत्री आणि किळस नसणे हे दोन गुण लागतातच. त्याला अजूनही द्यावेसे वाटत नसेल तर शेजारच्या सहकाऱ्याला पुढे करावे, तेही तिला थांबायला न लावता. दुकानात तो एकटाच असेल तर द्यावेच लागेल. ते जमत नसेल तर दुसरे काम पाहावे. सम्यक् आजीविका कशात आहे हे प्रत्येकाने स्वतः ठरवावयाचे असते. आणि मालकच ठेवू देत नसेल तर निदान कोठे मिळेल ते सांगावे.

मिळते कोठे, हे आपल्यालाही माहीत असावे. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी आपल्या या पट्ट्यातच, देहूरोडला, बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्याच साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना स्थापन झाला, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने, म्हणजे पेनिसिलिन गरिबालाही मिळावे. औषध कोणाच्या तोंडात जाते हे त्या कारखान्याने विचारले नाही. आज प्राथमिक आरोग्य केंद्रात, चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात आणि पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात संततिनियमनाची साधने मागता येतात: निरोध, माला-एन, आठवड्याची छाया गोळी, तीन महिन्यांचे अंतरा इंजेक्शन, तांबी. २०११ च्या योजनेपासून आशाताई घरपोच देतात. गोळ्यांचे महिन्याचे पाकीट एक रुपया, तातडीची गोळी दोन रुपये असा दर त्या योजनेत ठरला होता. येत्या पौर्णिमेच्या आत आपापल्या वस्तीतील आशाताईंचे नाव व फोन क्रमांक त्यांच्या परवानगीने विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवा, बायका चपला काढतात त्या बाजूला, म्हणजे कोणाला विचारावे लागणार नाही.