ज्यांना कुणी विचारलं नाही

लहान देशाने मोठ्या शेजाऱ्यापासून वेगळं व्हावं का, झाला तर टिकेल का, असा विषय निघाला की बोलणं लगेच क्षेत्रफळ, बंदर, फौज आणि खजिन्याकडे वळतं. धाराशिव जिल्ह्यात वाढलेल्या मला हा हिशेब अपुरा वाटतो. आमचा जिल्हा अशाच एका होऊ घातलेल्या देशाचा पश्चिमेकडचा काठ होता.

जून 1947 मध्ये हैदराबाद संस्थानाचे निजाम मीर उस्मान अली खान यांनी फर्मान काढलं, की इंग्रज गेल्यावर हैदराबाद सार्वभौम राहील. कागदावर दावा हलका नव्हता. दीड कोटीहून अधिक लोकसंख्या, स्वतःचं हाली चलन, टपाल, रेल्वे, फौज. समुद्र नव्हता, म्हणून पोर्तुगीजांकडून गोव्यातलं बंदर मिळवण्याची खटपटही झाली. पण चहूबाजूंनी वेढलेला देश टिकतच नाही, असंही नाही. दक्षिण आफ्रिकेच्या पोटातला लेसोथो 1966 पासून स्वतंत्र आहे.

उणीव दुसरीच होती. रयत तेलुगू, मराठी, कानडी बोलणारी आणि कारभार उर्दूत. 1938 मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती स्थापन होण्याआधीच बंदी आली. जबाबदार राज्यपद्धती मागणारे तुरुंगात गेले. आमच्याकडच्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवणारे स्वामी रामानंद तीर्थ त्या लढ्याचे नेते झाले. निजामाच्या बाजूने उतरलेल्या सशस्त्र रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी लातूरचा वकील, आणि लातूर तेव्हा आमच्याच जिल्ह्यात होतं. रझाकारीच्या गोष्टी आम्ही घरातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकल्या: दागिने पुरून ठेवून, लेकरं उचलून रातोरात मोगलाईबाहेर, म्हणजे निजामाच्या राज्याबाहेर, बार्शी-सोलापूरकडे निघालेल्या घरांच्या. ज्या राज्यातली माणसं जीव वाचवायला शेजाऱ्याकडे पळतात, त्याने शेजाऱ्यापासून स्वातंत्र्य कुणासाठी मागायचं?

13 सप्टेंबर 1948 ला सोलापूरकडून भारतीय फौज आत शिरली आणि त्याच दिवशी नळदुर्ग पडलं. 17 तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे केलेली तक्रार कामी आली नाही. याउलट पूर्व तिमोर पाहा. लहान, गरीब, जाळपोळीत होरपळलेला. पण 1999 च्या सार्वमतात तिथल्या 78 टक्क्यांहून अधिक मतदारांनी इंडोनेशियापासून वेगळं होण्याचा कौल दिला आणि 2002 मध्ये तो देश उभा राहिला. निजामाच्या अफाट खजिन्यात हा कौल नव्हता. माझ्या मते सगळा निकाल तिथेच लागला होता.

मात्र गोष्ट तिथे संपली नाही. पोलीस ॲक्शन म्हटल्या गेलेल्या या लष्करी कारवाईनंतर मुसलमानांवर सूड उगवला गेला. या हिंसेची पाहणी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचं, म्हणजे आमच्याच जिल्ह्याचं, नाव घेतलं. तिचा अहवाल कित्येक दशकं बंद राहिला. रझाकारांशी कसलाच संबंध नसलेली साधी मुसलमान माणसंही त्यात मारली गेली. सार्वभौम व्हायचं का, हे निजामाने त्यांनाही विचारलं नव्हतं.

दर 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनी आपण झेंड्याला सलामी देतो आणि रझाकारांनी घेतलेले बळी आठवतो. ते आठवलेच पाहिजेत. गावोगावच्या वक्त्यांना आणि शिक्षकांना माझी विनंती आहे, की यंदाच्या भाषणात या दुसऱ्या मृतांबद्दलही चार वाक्यं बोला.