पळीभर तेल

गेल्या श्रावणात दोन दिवसांसाठी बोदवडास जाण्याचा योग आला. ज्या स्नेह्यांच्या घरी उतरलो होतो त्यांच्या ओटीवर सायंकाळी चार मंडळी जमण्याचा परिपाठ आहे. बोदवड हे कापसाच्या पेठेचे गाव. त्यामुळे बोलण्याचा विषय बहुधा पाऊस, कापूस आणि भाव यांच्या पलीकडे जात नाही, आणि उन्हाळ्यात गेलो तर त्यांत पाण्याच्या टंचाईची भर पडते. त्या दिवशी मात्र तालुक्यातील एका जुन्या शाळेची गोष्ट निघाली. इमारत शंभराहून अधिक वर्षांची. चुन्यात बांधलेल्या जाड भिंती, सागवानी तुळया, वर कौले व पुढे लांब पडवी. भिंतींना तडे गेले आहेत, दोन वर्गांत पाणी गळते. तिचे निर्लेखन करून तेथे सिमेंटच्या नव्या खोल्या बांधाव्यात असा एक पक्ष आणि जुनी वास्तू राखावी असा दुसरा पक्ष. दोन्ही पक्षांचे पुरस्कर्ते सुदैवाने ओटीवरच हजर होते.

पहिल्या पक्षाचे एक अडते होते. ते म्हणाले, "गुरुजी, पोरांना छप्पर पाहिजे आणि तुम्हाला आठवण पाहिजे. तुमच्या आठवणीसाठी पोरांनी किती पावसाळे भिजायचे?"

दुसऱ्या पक्षाचे त्याच शाळेत पंचवीस वर्षे शिकवून निवृत्त झालेले शिक्षक होते. ते शांतपणे उत्तरले, "शेठ, आजोबांच्या हातची जुनी वही तुम्ही अजून लक्ष्मीपूजनाला पाटावर मांडता. तिच्यातले येणे कधीच बुडाले. मग ती रद्दीत का घालत नाही?"

शेठ हसले, मंडळीही हसली, आणि वाद तेथेच थांबला. पण माझ्या मनात तो थांबला नाही. कारण दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते, आणि जेथे दोन तथ्ये एकमेकांसमोर उभी राहतात तेथेच नीतीचा खरा प्रश्न उत्पन्न होतो. जे आपल्यामागून येणार त्यांचे देणे आधी फेडावे, की जे आपल्यापूर्वी होऊन गेले त्यांचे? आणि हाती पैसा थोडा असता हे दुसरे देणे कोणाच्या पदरच्या पैशातून फेडावे?

प्रथम मुलाचा दावा घेऊ. तो नुसत्या दयेचा विषय नाही. २००२ च्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण हा मूलभूत हक्क झाला. २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, आणि प्रत्येक शाळेस सर्व ऋतूंत टिकेल अशी इमारत व प्रत्येक शिक्षकामागे निदान एक वर्गखोली असावी असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. हा हक्क पायदळी तुडविल्यास काय होते हेही आपण पाहिले आहे. २०१७ च्या ऑगस्टमध्ये नगर जिल्ह्यातील निंबोडी येथे शाळेची इमारत कोसळून तीन मुले दगावली. २०२५ च्या जुलैत राजस्थानातील पिपलोदी येथे शाळेचे छत पडून सात मुलांचा बळी गेला. अशा घटनांपुढे पुराणवस्तूंचे प्रेम तोंड वर करून बोलू शकत नाही. शिवाय दगडास पुढच्या वर्षापर्यंत थांब म्हणता येते; तिसरीतल्या मुलास तसे म्हणता येत नाही. त्याचे तिसरीचे वर्ष एकदाच येते.

आता भिंतीचा दावा. रस्किनने १८४९ साली वास्तुकलेवरील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादिले की, जुन्या इमारती आपल्या नव्हेतच. त्या काही अंशी बांधणाऱ्यांच्या व काही अंशी पुढे येणाऱ्या पिढ्यांच्या आहेत, म्हणून त्या पाडण्याचा अधिकार आपणांस नाही. हे बोलणे भावनेचे वाटेल. पण आपल्याकडील जुन्या शाळांचा जमाखर्च पाहिला असता त्यात रोकडे सत्य आढळते. मुंबई इलाख्यात १८६० नंतरच्या दशकात जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी बसली आणि तिचा तिसरा हिस्सा शाळांकडे लावण्यात आला. खेड्यापाड्यांतील कित्येक शाळा या आण्यावर उभ्या राहिल्या. तो आणा देणाऱ्या कुणब्यास स्वतः बहुधा अक्षर येत नव्हते. त्याच्या मुलासही त्या शाळेत बसण्यास मिळेल अशी खात्री नव्हती. १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी हीच तक्रार मांडली होती की, रयतेच्या श्रमाचा पैसा वरच्या वर्गांच्या विद्येवर खर्च होतो आणि रयत अज्ञानातच राहते. ज्या भिंतीत अशा माणसांचा आणा आहे ती भिंत एका ठरावाने मोडीत काढून तिच्या तुळयांचा लिलाव पुकारणे ही काही साधी गोष्ट नव्हे.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. जुनी इमारत बहुधा वयामुळे मरत नाही. ती हयगयीने मरते. आपल्या तापी-पूर्णेच्या काठची काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावरच्या पायास दरवर्षी ओढाताण सोसावी लागते. पायाशी पाणी साचू न देणे, पावसाळ्यापूर्वी कौले शाकारणे, तुळयांस वाळवी लागली तर वेळीच पाहणे, इतकी निगा ठेवली तर चुन्याची भिंत पिढ्यान् पिढ्या उभी राहते. पण चुना निघाला की आपण त्याजागी सिमेंट फासतो. आत शिरलेली ओल बाहेर पडण्यास वाट राहत नाही आणि भिंत आतून कुजू लागते. वीस वर्षे कौले न शाकारता एकविसाव्या वर्षी मुलांच्या जिवाची काळजी घेऊन जो पुढे येतो, त्याच्या तोंडी मुलांचा हक्क पुष्कळदा निमित्त म्हणून असतो. नव्या बांधकामाचा कोनशिला-समारंभ होतो. कौले शाकारल्याचा समारंभ कोठे झालेला कोणी ऐकला आहे काय?

याप्रमाणे दोन्ही दावे खरे ठरले. निवाडा कोणी करावा? मला वाटते, तो आपल्या खानदेशातच आठशे वर्षांपूर्वी एका शिळेवर लिहून ठेवलेला आहे. बोदवड जिल्ह्याच्या पूर्वेकडे. त्याच्या उलट अंगास, नैऋत्येला, चाळीसगाव तालुक्यात सातमाळ्याच्या डोंगरपायथ्याशी पाटण नावाचे स्थळ आहे. देवीच्या दर्शनास तेथे हजारो लोक जातात. तेथील एका भग्न देवालयातील शिलालेखाची माहिती डॉक्टर भाऊ दाजी यांनी १८६५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधात जगापुढे आणली. लेख इ. स. १२०७ च्या सुमाराचा, म्हणजे देवगिरीच्या सिंघण यादवाच्या काळचा. सिद्धान्तशिरोमणी ११५० साली रचणारे भास्कराचार्य, त्यांचे पुत्र लक्ष्मीधर, आणि त्यांचे पुत्र चांगदेव. या चांगदेवाने आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून पाटणास मठ स्थापिला, आणि तेथल्या निकुंभ वंशातील सोइदेव नावाच्या मांडलिकाने त्यास वृत्ती तोडून दिली.

लेखाचा बहुतेक भाग संस्कृत श्लोकांत आहे. त्यात राजवंशाची स्तुती आहे, भास्कराचार्यांच्या कुळाचे गुणवर्णन आहे. पण जेथे पैशाचा प्रश्न येतो तेथे लेख एकाएकी मराठीत बोलू लागतो. पेठेत विकल्या जाणाऱ्या मालावर राजाचे जे उत्पन्न होते ते मठास दिले. गिऱ्हाइकाकडून पाच पोफळे द्यावीत. आणि जितके घाणे चालतील तितक्यांमागे पळी पळी तेल द्यावे. स्तुती देवभाषेत केली तरी चालते. देण्याघेण्याची गोष्ट मात्र तेल्यास समजेल अशाच भाषेत लिहावी लागते. ज्योतिष व गणित शिकविणारी ती शाळा पाटणच्या बाजारपेठेने चालविली. तिच्या पाठीशी राजाची उदारता होती, तशी घाण्यावरची पळीही होती.

आज तो मठ उभा नाही. लीलावतीची उदाहरणे ज्या पडवीत घोकली गेली ती पडवी कधीच मातीस मिळाली. मग पाटणचे दान वाया गेले काय? कोणीही म्हणणार नाही. आपल्या धर्मशास्त्राने मनुष्यावर तीन ऋणे सांगितली आहेत: देवांचे, पितरांचे व ऋषींचे. देवांचे ऋण यज्ञाने फेडावे, पितरांचे संततीने. पण ऋषींचे ऋण फेडण्यास त्यांची समाधी बांध किंवा आश्रम जतन कर असे सांगितले नाही. ते अध्ययनानेच फिटते अशी मर्यादा घालून दिली आहे. शाळा बांधणाऱ्यांचे ऋण त्याच जातीचे होय. ज्या कुणब्याने आणा दिला त्याने तो भिंतीसाठी दिला नाही. भिंतीआड जे चालावयाचे त्यासाठी दिला. तेव्हा मूल शिकत असेल तर त्याचे ऋण फिटत आहे, आणि मूल भिजत असेल तर भिंत कितीही सुरेख राखली तरी ते वाढतच आहे.

जपानात इसे येथील देवालय दर वीस वर्षांनी नव्याने बांधतात. अलीकडे २०१३ साली असे नवे बांधले गेले. लाकूड नवे, पण घाट तोच, हत्यारे चालविण्याची रीत तीच, आणि देवालय तेच. जतन करणे म्हणजे हात न लावणे नव्हे, हे ते लोक आपणांस शिकवितात.

पण येथे गुरुजींची बाजू संपली असे मात्र मी म्हणत नाही. त्यांनी मला सहज विचारले असते, "ती शिळा कोणी फोडून पायात घातली असती तर तुमची तेलाची पळी तुम्हास कोठून कळली असती?" याला उत्तर नाही. मठ गेला तरी दान समजले, ते एक दगड राहिला म्हणून. आठवण ही शिक्षणाची चैन नसून त्याचा एक भाग आहे. आपली शाळा कोणाच्या पैशाने उभी राहिली हे ज्या मुलास ठाऊक नाही, ते मोठेपणी दुसऱ्याच्या मुलासाठी पळीभर तेल का देईल?

म्हणून माझा निवाडा असा. जुनी वास्तू राखण्याची इच्छा चांगली आहे. पण कृतज्ञता ज्याची त्याने आपल्याच पदराने व्यक्त करावयाची असते. वर्गखोलीसाठी आलेला पैसा नक्षीदार खांबावर खर्चणे म्हणजे मुलाच्या खिशातून आपल्या आजोबांचे श्राद्ध करणे होय. धोक्याच्या छपराखालून मुले आजच हलवावीत. यात वाद नाही. त्यानंतर ज्यांना भिंत हवी त्यांनी, त्या शाळेतून शिकून जळगाव, पुणे, मुंबई गाठलेल्यांनी, पेठेतल्या व्यापाऱ्यांनी आपली पळी आणावी, आणि ती वास्तू मोडकळीतून काढून वाचनालयास किंवा शाळेच्याच दुसऱ्या उपयोगास लावावी. उलट, ज्यांना ती पाडावयाची आहे त्यांनीही आधी वीस वर्षांचा हिशेब दाखवावा: कौले कितीदा शाकारली, पाणी कितीदा वळविले? असा हिशेब नसेल तर पाडणे हा नाइलाज असेल, पण तो अपराध म्हणून मान्य करावा, प्रगती म्हणून मिरवू नये. आणि पैसा खरोखर नसेल, तर निदान मापे घ्यावीत, छायाचित्रे घ्यावीत, आणि दात्यांची पाटी असेल तर ती नव्या भिंतीत दर्शनी बसवावी. इतके करूनही काही गमावले जाईल. ते गमावले हे प्रामाणिकपणे म्हणावे.

आता पळी आणावयाची कशी? आज शिक्षणासाठी आपण देत नाही असे नाही. १९६२ च्या कायद्याने बसलेला शिक्षणकर शहरांतून घरपट्टीबरोबर वसूल होतो. पण तो सरकारी तिजोरीत जातो, आणि देणाऱ्यास आपला रुपया कोणत्या वर्गात पोचला हे दिसत नाही. तिजोरीतून गरीब तालुक्यासही वाटा मिळतो, हा तिचा मोठा गुण. पाटणच्या घाण्याला तो साधला नसता. पण पाटणच्या तेल्यास मठातला दिवा दिसत असे. आपण देतो आणि विसरतो. मग कौले कोणी शाकारावीत हा प्रश्न पडला की प्रत्येकजण दुसऱ्याकडे पाहतो.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी ओटीवर मी ही पाटणची हकीकत सांगितली. शेठनी ती लक्ष देऊन ऐकली आणि व्यापाऱ्यास साजेसाच प्रश्न केला, "पळी केवढी होती?" मला सांगता आले नाही. मग ते गुरुजींकडे वळून म्हणाले, "आपल्या शाळेची कौले शाकारायला काय लागेल हो?"

गुरुजी म्हणाले, "आकडा आहे माझ्याकडे. पंचवीस वर्षे दर वैशाखात अर्जात तोच लिहीत होतो."

त्यावर कोणी काही बोलले नाही.