स्लो कोण झालं होतं?

एप्रिलमधल्या एका रात्री साडेदहा वाजता मी दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर ‘अपडेट’ दाबलं. न विचारता, आणि अगदी चांगल्या हेतूनं.

कॉम्प्युटर आप्पांचा. आप्पा माझे नात्यातले कुणी नाहीत. कराडात त्यांचं डीटीपीचं दुकान आहे. कॉलेजात असताना दोन सुट्ट्या मी तिथं काढल्या. पेन टूलनं फोटोतला माणूस कसा कापायचा, मिशीपाशी नोड किती ठेवायचे, फेट्याचा तुरा कसा सांभाळायचा, हे सगळं मी त्यांच्याकडून शिकलो. आता पुण्यात एका कंपनीत ॲपची स्क्रीन्स डिझाइन करतो, आणि गावी गेलो की संध्याकाळी दुकानात जाऊन बसतो. आप्पा चहा मागवतात. मी ‘जरा मशीन बघतो’ म्हणतो.

त्या मशीनवर महिनोन् महिने एक खिडकी यायची : सिस्टिम अपडेट करायची आहे. आप्पा दर वेळी ‘नंतर आठवण करा’ दाबायचे. इतक्या सवयीनं, की ते वाक्य त्यांनी वाचलंही नसेल. मला ते बघवायचं नाही. दिवसाला वीस गिऱ्हाइकं पेन ड्राइव्ह घेऊन येतात, त्यातल्या निम्म्यांत काहीतरी वळवळत असतं. शिवाय २०१७च्या मे महिन्यातलं ‘वॉनाक्राय’ मला पक्कं आठवत होतं. दीडशेच्या वर देशांत कॉम्प्युटर कुलूपबंद झाले, फाइली परत हव्यात तर पैसे टाका. आणि ज्या भोकातून तो व्हायरस शिरला, ते बुजवणारं अपडेट मार्चमध्येच, म्हणजे दोन महिने आधी, आलेलं होतं. ज्यांनी ‘नंतर’ म्हटलं, ते सापडले. आप्पांच्या डिस्कवर वीस वर्षांच्या लग्नपत्रिका आहेत. त्यामुळे आप्पा शटर ओढायला बाहेर गेले तेव्हा मी बटण दाबलं. सकाळपर्यंत होईल, त्यांना कळणारही नाही, असं वाटलं.

सकाळी सगळं नीट चालू झालं. स्क्रीनवरचे आयकॉन थोडे मोठे दिसत होते, एवढंच. मी पुण्याला निघून आलो.

दुसऱ्या दिवशी आप्पांचा फोन. ‘अरे, जरा जड चालतंय बघ.’ मी म्हटलं, दोन दिवस चालेल तसं. हे खोटं नव्हतं. मोठ्या अपडेटनंतर सिस्टिम डिस्कवरच्या फाइलींची शोधसूची नव्यानं करत बसते, मागं बरीच उठाठेव चालू असते, आणि ती संपली की मशीन पूर्वपदावर येतं. बऱ्याचदा येतं. पण दोन दिवसांचे चार झाले. चौथ्या दिवशी आप्पांनी फोन केला तो मशीनबद्दल बोलायला नव्हताच.

‘चष्म्याचा नंबर वाढला वाटतं,’ ते म्हणाले. ‘हात पण बसत नाही पहिल्यासारखा. नोड ओढायला जातो तर भलतीकडंच जातोय.’

मला लगेच कळलं काय होतंय ते. नोड भलतीकडे जात नव्हता, उशिरा जात होता. ते ओढायचे, स्क्रीन गप्प, म्हणून आणखी ओढायचे, आणि मग दोन्ही ओढण्या एकदम लागू व्हायच्या. जेकब निल्सन यांच्या १९९३च्या पुस्तकात एक साधा हिशेब आहे, आमच्या धंद्यात तो सगळे शिकतात : एक दशांश सेकंदाच्या आत उत्तर आलं तर माणसाला ते आपणच केल्यासारखं वाटतं, एक सेकंदापर्यंत विचारांची तंद्री टिकते, दहा सेकंदांनंतर लक्ष उडतं. मी हे प्रेझेंटेशनमध्ये कितीदा तरी सांगितलंय. पण यातून निघणारी एक गोष्ट मला आप्पांच्या त्या वाक्यानं समजली. पंचवीस वर्षं जो हात एक दशांश सेकंदाच्या आत होता, त्याला हत्यार आणि आपण असे दोन वेगळे आहोत, हे ठाऊकच नसतं. त्यामुळे हत्यार अडखळलं की त्याला वाटतं, आपणच अडखळलो.

माझ्यासारख्या माणसाला असं वाटत नाही. माझं मशीन अडकलं तर मी पहिल्यांदा मशीनला शिवी देतो. कारण त्याच्या आत काय काय असतं ते मला थोडंफार माहीत आहे आणि दोष कुठं टाकायचा याची जागा माझ्याकडे आहे. आप्पांकडे ती जागा नव्हती. ती माझ्याकडे होती, आणि मी ती त्यांना दिली नाही.

फोनवर मी काय म्हणालो? ‘आप्पा, मशीन पण जुनं झालंय ना आता.’

नरो वा कुंजरो वा. मशीन जुनं होतं, यात खोटं काही नाही. आठ वर्षांचं होतं. पण शनिवारपर्यंत ते धावत होतं आणि रविवारपासून रांगत होतं. आठ वर्षांचं म्हातारपण एका रात्रीत येत नाही. मधल्या रात्री मी होतो.

खरं का सांगितलं नाही, याचं उत्तर मी बरंच शोधलं. भीती वाटावी असे आप्पा नाहीत. मला वाटतं, मला त्यांच्या दुकानातला ‘कॉम्प्युटरमधलं कळणारा पोरगा’ राहायचं होतं. ही पदवी फुकट मिळत नाही. तिच्यासाठी कधीच काही बिघडवलेलं नसावं लागतं.

जॉन स्टुअर्ट मिलनं १८५९मध्ये ‘ऑन लिबर्टी’त पुलाचं एक उदाहरण दिलंय. एक माणूस धोक्याच्या पुलावर पाय टाकतोय आणि त्याला सावध करायलाही वेळ नाही. मग त्याला धरून मागं ओढलं तर त्यात त्याच्या स्वातंत्र्यावर घाला नाही, कारण नदीत पडावं अशी त्याची इच्छाच नाही. पण पूल पडेलच अशी खात्री नसेल, नुसती शक्यता असेल, तर धोका पत्करायचा की नाही ते त्यानं ठरवायचं. आपण फक्त सावध करायचं. कॉलेजात मला हे फार किरकोळ वाटलं होतं. एवढा मोठा तत्त्वज्ञ आणि उदाहरण काय, तर पूल. आता वाटतं, त्या रात्रीचं माझं सगळं त्यात आहे. व्हायरस येईलच असं नव्हतं. आणि वेळ? शटर ओढून आत यायला आप्पांना मिनिट लागलं असतं. मला ते मिनिट नको होतं, कारण ते ‘नंतर’ म्हणाले असते. म्हणजे मी त्यांचं उत्तर गृहीत धरलं आणि ते मला पसंत नव्हतं म्हणून प्रश्नच विचारला नाही.

आणि ‘नंतर’ म्हणायला त्यांच्याकडे कारण होतं, हे मला तेव्हा दिसलं नाही. त्यांचे फॉन्ट युनिकोडच्या आधीचे आहेत. दिसायला ‘क’ किंवा ‘श्री’, आत मात्र इंग्रजी अक्षराच्या नाहीतर चिन्हाच्या जागेवर बसवलेले. फॉन्ट हलला की ‘चि. सौ. कां.’च्या जागी कंस आणि टक्केचिन्हं दिसायला लागतात. असं एकदा झालेलं आहे. तेव्हा आमंत्रणं छापून झाली होती. ते सॉफ्टवेअर त्यांनी एकदा पैसे मोजून घेतलं, आता तसं मिळत नाही, दर महिन्याचं भाडं भरावं लागतं. त्यामुळे चाललेल्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा आळस नव्हता. आमच्या कंपनीतही शुक्रवारी संध्याकाळी कुणी नवीन काही चढवत नाही. तिथं आम्ही त्याला शहाणपण म्हणतो.

आठव्या दिवशी आणखी एक फोन आला, या वेळी काकूंचा. एका पुढाऱ्याच्या वडिलांच्या श्रद्धांजलीचा फ्लेक्स होता. असली कामं दोन तासांत द्यावी लागतात. माणूस गेलेला असतो, घरचे दारात उभे असतात, फोटो आधारकार्डावरचा असतो. आप्पांना चार तास लागले. नंतर त्यांनी मे महिन्यातली एक मोठी पत्रिका दुसऱ्या दुकानात पाठवून दिली. ‘मला आता झेपत नाही’ म्हणाले. आणि नव्या मशीनसाठी पतसंस्थेत विचारून आले. ‘तूच म्हणालास ना, जुनं झालंय,’ काकू म्हणाल्या.

त्या शनिवारी मी कराडला गेलो.

बिघाड सापडायला वेळ लागला, कारण तो एक नव्हता. पहिला सोपा होता. अपडेटनं ग्राफिक्स कार्डाचा जुना ड्रायव्हर काढून आपला कामचलाऊ ड्रायव्हर बसवला होता. कार्ड होतं, पण त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणारं कुणी नव्हतं. त्यामुळे चित्र काढायचं सगळं ओझं मुख्य प्रोसेसरवर पडलं होतं. आयकॉन मोठे दिसत होते तेही त्यामुळेच. पहिल्याच सकाळी ती खूण माझ्यासमोर होती आणि मी ती बघून बसस्टँडवर गेलो होतो. कार्ड बनवणाऱ्यांचा सगळ्यात नवा ड्रायव्हर त्या जुन्या कार्डाला चालेना. मागचा शोधून बसवला. नोड हाताबरोबर हलायला लागला.

पण फाइल उघडताना, पानाचा आकार बदलताना मशीन अजून थिजत होतं. वीस-वीस सेकंद. या वेळात प्रोसेसरही रिकामा, डिस्कही रिकामी. म्हणजे काम जास्त नव्हतं, ते कशाची तरी वाट बघत होतं. फॉन्ट कमी करून पाहिले, अँटिव्हायरस थांबवून पाहिला. मग केव्हातरी प्रिंटरची यादी उघडली. डिफॉल्ट म्हणून जो प्रिंटर लावलेला होता, तो मागल्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरला जोडलेला लेझर प्रिंटर. तो दोन वर्षांपूर्वी भंगारात गेला. अपडेटमध्ये डिफॉल्ट बदलून पुन्हा त्याच्यावर गेला होता. अशी बरीच सॉफ्टवेअर फाइल उघडताना डिफॉल्ट प्रिंटरला विचारतात, तुझ्याकडे कागद केवढा, समास किती. प्रिंटर उत्तर देत नाही म्हटल्यावर ती वाट बघतात, आणि ठरावीक वेळानं नाद सोडून पुढं जातात. मी डिफॉल्टला पीडीएफ लावलं. फाइल पापणी लवायच्या आत उघडली.

आप्पा शेजारी स्टुलावर बसून सगळं बघत होते. मी त्यांना प्रिंटरचं सांगितलं. ते खूप हसले. ‘म्हणजे आठवडाभर ते भंगारवाल्याला विचारत होतं होय!’ मग खुर्चीवर बसले, जुनी एक पत्रिका उघडली, गणपतीच्या सोंडेचा एक नोड धरला आणि ओढला. परत ओढला. काहीच बदलायचं नव्हतं, नुसतेच ओढत राहिले.

तेव्हा सोडून दिलं असतं तरी चाललं असतं. बिघाड निघाला होता, पतसंस्थेचं कर्ज टळलं होतं आणि मी तर देवमाणूसच ठरलो होतो. काकूंनी जेवायलाच थांब म्हणून सांगितलं. २०२०च्या फेब्रुवारीत फ्रान्समध्ये ॲपलला अडीच कोटी युरोंचा दंड झाला, ते मला त्या वेळी आठवलं असं म्हणणं खोटं होईल. ते मी नंतर वाचलं. जुन्या बॅटरीचे आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून कंपनीनं अपडेटमधून त्यांचा वेग कमी केला होता. कारण पटण्यासारखं होतं. फ्रान्समधला तो दंड वेग कमी केल्याचा नव्हता. अपडेट घेतल्यावर फोन स्लो होऊ शकतो, हे लोकांना सांगितलं नाही, याचा होता. मला हा फरक आधी कायद्याचा कीस वाटला. आता वाटत नाही. ज्यांनी तो फोन वापरला, त्यातल्या कितीतरी जणांनी फोन जुना झाला असं समजून नवा घेतला असेल. चुकीचं कारण हातात दिलं की माणूस त्या चुकीच्या कारणावर खरे पैसे खर्च करतो. आणि खरी उमेदही.

जेवताना मी आप्पांना सांगितलं. अपडेट मी केलं होतं, तुम्ही शटर ओढत होता तेव्हा.

ते भाकरी मोडत होते. अपडेटबद्दल त्यांना काही वाटलं नाही, किंवा वाटलं तरी त्यांनी दाखवलं नाही. ‘चांगल्यासाठीच केलंस,’ म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, ‘मग मी डोळ्यांचं बोललो, तेव्हा का नाही सांगितलंस?’

मी म्हटलं, मला वाटलं दोन दिवसांत ठीक होईल. त्यांनी मान हलवली आणि काकूंकडे आमटी मागितली. हे उत्तर पहिल्या फोनला चाललं असतं. डोळ्यांचा फोन चौथ्या दिवशीचा होता. दोघांनाही ते माहीत होतं.

दुसऱ्या दुकानात गेलेली पत्रिका परत आली नाही. त्या गिऱ्हाइकानं पुढच्या साखरपुड्याचं कामही तिकडंच दिलं. किती पैसे बुडाले ते मी आप्पांना विचारलं, आणि त्यांनी विषय बदलला. त्या दिवसांत डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन केलेला नवा चष्मा मात्र ते अजून वापरतात. नंबर अर्ध्यानं खरंच वाढला होता.

परवा त्यांचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. स्क्रीनचा फोटो, थोडा हललेला. पुन्हा तीच खिडकी : सिस्टिम अपडेट करायची आहे. खाली आप्पांचा मेसेज, ‘काय करू?’

मी सविस्तर लिहिलं. यानं काय सुधारेल, काय बिघडू शकतं, ड्रायव्हर जाऊ शकतो, प्रिंटर बदलू शकतो, नाही केलं तर पेन ड्राइव्हची भीती किती. आधी डिस्कची कॉपी काढून ठेवायची, तेही लिहिलं. मेसेज एवढा लांब झाला की मलाच पाठवताना अवघडल्यासारखं झालं. निळ्या टिका आल्या. अर्ध्या तासानं उत्तर आलं.

‘शुक्रवारपर्यंत दोन पत्रिका आहेत. सोमवारी दुकान बंद असतं, तेव्हा ये. मी दाबतो, तू शेजारी बस.’