दुसऱ्याचे शब्द, आपला हात

ज्यास लिहिता येत नाही त्याचा अर्ज लिहून देताना त्यात पदरचे किती घालावे? पाळकांस, उपदेशकांस व गावच्या मास्तरांस हे काम वारंवार पडते. टंकलेखन-यंत्राचा इतिहास वाचताना हा प्रश्न आम्हांस पुन्हा छळू लागला.

१७१४ साली इंग्लंडात हेन्री मिल ह्यास अशा यंत्राची सनद मिळाली होती. परंतु आमचे मन गुंतले ते इटलीतील गोष्टीत. तेथे पेल्लेग्रीनो तुर्री ह्या गृहस्थाने आपली अंध स्नेहीण कारोलिना फांतोनी हिच्यासाठी असे यंत्र सिद्ध केले. सुमारे १८०८ सालापासून त्यावर तिने लिहिलेली पत्रे आजही जतन केलेली आहेत. यंत्र मात्र नाहीसे झाले. अंध माणसास आपल्या मनातील गोष्ट लेखनिकाच्या कानी न घालता कागदावर उतरविता यावी, ही केवढी मोकळीक! पुढे डेन्मार्कमधील रासमुस मालिंग-हान्सेन ह्याने टाचण्या टोचलेल्या उशीसारखे दिसणारे एक यंत्र काढून १८७० साली त्याचे पेटंट घेतले. हा मनुष्य पाळक असून मूकबधिरांच्या शाळेचा प्रमुख होता. बाजार काबीज केला तो मात्र अमेरिकेतील शोल्स व त्याचे सोबती ह्यांच्या यंत्राने; रेमिंग्टन कंपनीने ते १८७४ साली विक्रीस आणिले. आपल्याकडे मुंबईच्या गोदरेज कारखान्यात १९५५ साली टंकलेखन-यंत्र तयार झाले. देवनागरीच्या यंत्रात काना, मात्रा, अर्धी अक्षरे बसविण्याची खटपट निराळीच.

अशा रीतीने जे यंत्र एका स्त्रीस परक्या हातापासून सोडविण्यासाठी झाले, तेच कचेरीच्या दारी परक्याच्या हाती गेले. हाताच्या अक्षरात लिहिणाराची घाई, भीती थोडी तरी उमटते. यंत्राच्या अक्षरात खरे व खोटे सारखेच नीटस दिसते.

काही वर्षांमागे गोंदिया जिल्ह्यातील एका गावी एका विधवेच्या दोन बांध्यांतील धान पाण्याखाली गेले. अर्ज सांगावयास आम्ही तिच्याबरोबर टंकलेखकाकडे गेलो. दोन बांध्यांनी कोणास दया येणार, असे वाटून आम्ही "सर्व शेत बुडाले" असे घातले. बाईने अंगठा दिला. तलाठी पंचनाम्यास आले तेव्हा ती सरळ म्हणाली, "दोन बांध्या." त्यांनी अर्ज मोठ्याने वाचला. आपल्या तोंडी काय घातले आहे हे तिला तेव्हा प्रथम कळले. ती आमच्याकडे पाहू लागली.

आमचा हेतू दयेचा होता, हे खरे. पण तिच्याजवळ कचेरीत न्यावयास स्वतःचा शब्द एवढाच होता, आणि तोच आम्ही तिला न विचारता बदलला. लाच घेऊन बदलला असता तरी तिचे नुकसान तेच झाले असते. आम्ही तेथेच चूक कबूल केली आणि पंचनाम्यात दोनच बांध्या मांडल्या गेल्या.

पुढे दुसऱ्या एका अर्जासाठी ती पुन्हा आली. कागद पुढे करताच हात मागे घेऊन म्हणाली, "पाळकसाहेब, आधी वाचून दाखवा, मंग अंगठा लावतो."