स्पीकर नक्की कुणाचा?

बाबांचा जुना अ‍ॅम्प्लिफायर लॅमिंग्टन रोडवरून आणलेला. मध्ये तो खरखरायला लागला. गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याने उघडून व्हॉल्यूमचं बटण बदलून दिलं. कंपनी अजून चालू आहे का, हे कुणी विचारलंही नाही.

आता मागणी बदलली आहे. डेक नको, वायरी नकोत. फोनवरून चालणारा वायरलेस स्पीकर हवा. मीही तसाच घेतला. पण तो अ‍ॅप आणि सर्व्हर चालू आहेत तोवरच पूर्ण माझा.

अमेरिकेतल्या सोनोस कंपनीचं उदाहरण घ्या. २०१९ मध्ये जुन्या स्पीकरच्या बदल्यात नव्यावर ३० टक्के सूट होती. त्यासाठी जुना ‘रिसायकल मोड’मध्ये टाकायचा. २१ दिवसांनी तो कायमचा निकामी, मग धडधाकट का असेना. पुढे जानेवारी २०२० मध्ये कंपनीने सांगितलं, की मेपासून सर्वांत जुन्या उपकरणांना अपडेट मिळणार नाहीत. ग्राहक भडकले. सीईओ पॅट्रिक स्पेन्स यांनी माफी मागितली आणि ही उपकरणं मेनंतरही चालतील असं स्पष्ट केलं. रिसायकल मोडही पुढे मागे घेतला.

ग्राहक म्हणून मला राग येतो. इंजिनिअर म्हणून कंपनीची अडचणही कळते. जुन्या उपकरणात मेमरी कमी, प्रत्येक बदल जुन्या मॉडेलवर तपासायचा, सुरक्षेची भोकं बुजवायची. मी स्वतः एका प्रॉडक्टच्या जुन्या व्हर्जनचा सपोर्ट काढून टाकलाय. काम एका दुपारचं होतं. ते वापरणारी माणसं मला डॅशबोर्डवर एका बारीक रेषेएवढी दिसत होती. त्या रेषेत कुणाचे तरी बाबा असतील, हे तेव्हा डोक्यात आलं नाही.

कायम सांभाळा, असं मी कुठल्याच कंपनीला म्हणणार नाही. पण मदत थांबवणं वेगळं आणि वस्तू बंद पाडणं वेगळं. पहिली मर्यादा आहे. दुसरं म्हणजे विकलेली वस्तू परत घेणं. म्हणून किमान दोन गोष्टी आपण मागायला हव्यात: सपोर्ट कधीपर्यंत, ते विकतानाच सांगा, आणि सर्व्हर बंद झाला तरी निदान वायर जोडून गाणं वाजेल एवढी सोय ठेवा.

परवा मीटिंगमध्ये मी विचारलं, “आपला सर्व्हर बंद झाला तर हे किती चालेल?” सगळे क्षणभर गप्प. मग मॅनेजर म्हणाला, “पुढच्या स्प्रिंटमध्ये बघू.” मी तिकीट उघडून ठेवलंय.