आकडा आणि आयुष्य

अज्ञानात सुख असते, असे आपण सहज म्हणतो. परंतु आजारपणात मात्र जितके लवकर कळेल तितके बरे, अशी आपली ठाम समजूत असते. कर्करोगाच्या रक्तचाचण्यांनी या समजुतीपुढे एक कठीण प्रश्न उभा केला आहे.

काही गाठींमुळे रक्तात विशिष्ट द्रव्यांचे प्रमाण वाढते. त्यांना ट्यूमर मार्कर म्हणतात. अंडाशयाच्या कर्करोगात पाहिले जाणारे 'सीए-१२५' हे असेच एक प्रथिन. हा साक्षीदार पुरता विश्वासार्ह नव्हे. मासिक पाळी, गर्भारपण, पोटाचा क्षय यांमुळेही त्याचे प्रमाण वाढते. उलट, कर्करोग असूनही ते कधी मर्यादेतच राहते.

उपचार संपलेल्या रुग्णाला मात्र रोग परतल्याची चाहूल ही चाचणी लक्षणांच्या काही महिने आधी देऊ शकते. मग लगेच औषध सुरू करावे काय? २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका युरोपीय अभ्यासात ५२९ स्त्रियांपैकी निम्म्या जणींना आकडा वाढताच केमोथेरपी दिली गेली, उरलेल्यांना लक्षणे दिसू लागल्यावर. पहिल्या गटाचे उपचार सुमारे ५ महिने आधी सुरू झाले; आयुष्य मात्र वाढले नाही. औषधांचा त्रास तेवढा आधी वाट्याला आला.

म्हणून ज्ञानच नाकारावे काय? तसे नव्हे. वारेच्या पेशींपासून होणाऱ्या कोरिओकार्सिनोमात 'एचसीजी'च्या आकड्यावरच उपचारांची दिशा ठरते आणि बहुतेक स्त्रिया पूर्ण बऱ्या होतात. तेथे आकडा जीवनदायी ठरतो. ज्ञानाचे मोल ते आपल्याला काय करू देते, यावर अवलंबून असते.

तथापि, 'करणे' म्हणजे केवळ औषध घेणे नव्हे. दुरावलेल्या भावाशी समेट करणे, मुलांची तजवीज लावणे, हीही कृत्येच होत. त्यासाठी कुणाला ते काही महिने हवे असतील; दुसऱ्या कुणाला तेच महिने निर्धास्तपणे जगायचे असतील. दोन्ही इच्छा आदरणीय आहेत. निवड मात्र रुग्णाची असावी. आपल्या घरांत रिपोर्ट मुलाच्या खिशात राहतो आणि आईला 'सगळे ठीक आहे' असे सांगितले जाते. या मायेत तिचा हक्क नकळत हिरावला जातो.

तेव्हा रक्त देण्यापूर्वीच आईला विचारावे : आकडा वाढला, तर तुला कळायला हवे का, आणि कळल्यावर तू काय करशील? रिपोर्ट हाती आल्यावर हा प्रश्न विचारण्याचे धैर्य फार थोड्यांपाशी उरते.