पाणी गढूळ का निवळ?

लाखनीहून साकोलीकडे जाताना धानाच्या बांध्यांमागे जुने तलाव दिसतात. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाच्या पूर्वजांनी मातीच्या पाळी घालून असे तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यात होते. मालगुजारी १९५१ साली गेली, तरी सरकारदरबारी त्यांचं नाव अजून माजी मालगुजारी तलाव असंच आहे. अशाच एका तलावाकाठच्या गावाची ही गोष्ट.

गावात एक म्हातारा ढिवर होता. सगळे त्याला आबाजी म्हणत. जाळं टाकायला तो पहाटेच तलावावर जायचा. एका पावसाळ्यात रोवणी आटोपली होती आणि तलाव काठोकाठ भरला होता. तेव्हा पाळीच्या बाहेरच्या अंगाला, अगदी पायथ्याशी, त्याला बोटाएवढी धार दिसली.

पूर्वी अशा वेळी कोतवाल दवंडी देई. माणसं जमत, चार जण चार प्रश्न विचारत, भांडतही. आता गावाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. आबाजीनं धारेचा फोटो काढला आणि बोलून निरोप टाकला, "तलावाच्या पाळीतून पाणी झिरपून राहिलं. सगळ्यांनी ध्यान द्या जी."

दुपारपर्यंत निरोपाखाली अंगठ्यांची रांग लागली. काहींनी हात जोडले, काहींनी लाल बदाम टाकला. सरपंचांचा अंगठा होता, सोसायटीच्या अध्यक्षांचा होता, नागपूर-पुण्याला नोकरीला गेलेल्या पोरांचेही होते. गाव येतंय असं समजून आबाजी पाळीवर वाट पाहत बसला. कोणी आलं नाही.

त्या गावात दुष्ट कोणीच नव्हतं, आणि मला सगळ्यात जास्त हेच लागतं. अंगठा देणाऱ्या प्रत्येकानं निरोप ऐकला होता. प्रत्येकाला काळजीही वाटली होती, पण अंगठा दाबला आणि ती उतरली. नंतर येणाऱ्यानं आधीचे अंगठे पाहिले आणि एवढ्यांना माहीत आहे म्हणजे कोणीतरी गेलंच असेल, असं धरलं. फेसबुकवर 'लाइक' २००९ साली आलं, व्हॉट्सअ‍ॅपवर निरोपाखाली चिन्ह टाकायची सोय २०२२ च्या मे महिन्यात. त्याआधी साधं 'बरं जी' म्हणायचं तरी वेगळा निरोप टाकावा लागे. लिहिता लिहिता मनात एखादी शंका यायची, आणि तीही लिहिली जायची.

संध्याकाळी शेतावरून परतलेल्या एका सुनेनं तो निरोप ऐकला. तिचंही बोट अंगठ्याकडे गेलं होतं. पण मागं एकदा तिच्या बांधीचा धुरा फुटला होता, आणि फुटण्याआधी त्यातून मातकट पाणी येत होतं, हे तिला आठवलं. तिनं लिहिलं, "आबाजी, पाणी गढूळ हाय का निवळ?"

आबाजीचं उत्तर लगेच आलं. "सकाळी निवळ होतं माय. आता गढूळ येऊन राहिलं."

निवळ पाणी येतंय तोवर पाळ नुसती पाझरते. गढूळ यायला लागलं म्हणजे आतली माती वाहून चालली, पोकळी वाढत चालली. गावातल्या कितीतरी जुन्या माणसांना हे ठाऊक होतं, विचारलं मात्र कोणी नव्हतं. आता प्रश्नामागून प्रश्न आले. कोणत्या अंगाला? खालच्या बांध्या कोणाच्या? रेतीची ट्रॉली कोणाकडे उभी आहे? एकानं चिखलानं भोक बुजवायला सांगितलं, तसा एक निवृत्त पाटकरी ग्रुपवरच त्याच्यावर तापला. तोंड बुजवलं तर पाणी दुसरीकडून फुटेल. आधी रेती टाका, तिच्यावर गिट्टी. पाणी येऊ द्या, माती अडवा.

ट्रॅक्टरच्या उजेडात रात्रभर काम चाललं. काही जणांनी सांडव्यात अडकलेला पालापाचोळा काढला, त्यामुळे तलावाची पातळी हळूहळू उतरली. पहाटे धार पुन्हा निवळ झाली.

सरपंच आबाजीजवळ येऊन म्हणाले, "मी तर सकाळीच अंगठा दिला होता, आबाजी."

"दिसला जी," आबाजी म्हणाला. "तुम्ही ऐकलं, एवढं समजलं. पण काही विचारलं असतं, तर मीही सांगितलं असतं. अंगठ्याला काय उत्तर देऊ?"

पाळीची पक्की दुरुस्ती बाकीच होती. शंभर हेक्टरपर्यंत सिंचनाचे असे तलाव जिल्हा परिषदेकडे असतात, तेव्हा तिथं अर्ज द्यायचा होता. तो ग्रामपंचायतीनं द्यावा की मासेमारांच्या संस्थेनं, यावरून ग्रुपवर कडाक्याचा वाद झाला. जुनी देणीघेणी निघाली, दोघं-तिघं रागावलेही. शेवटी दोघांनीही अर्ज द्यावा असं ठरलं. पाऊस संपेपर्यंत पाळीवर रोज कोणी फिरायचं, त्याची नावं सुनेनं वारांप्रमाणे लिहून टाकली. खाली तिनं आणखी एक ओळ लिहिली, "जमत असेल तर 'येतो' म्हणून लिहा, नसेल जमत तर काहून नाही तेही लिहा."